शांतवनच्या नावाचं पाणी

चंदीगड
९ जून १९८४

विश्वासदादा,

सलाम. 'प्रिय' लिहायला हात उचलला होता, पण पंधरा वर्षांत सवय मोडली. आता मुद्दाम लिहिलं तर तूच म्हणशील, सुहासला झालं काय बाप्पा.

हे पत्र कधी पोचेल ठाऊक नाही. इथे संचारबंदी आहे. गाड्या बंद, टपाल बंद, फोन उचलला की नुसता घुर्र करतो. दोन तासांची ढील मिळाली तेव्हा तार करायला सेक्टर सतराला गेले, तर दारावरचा पोलीस म्हणाला, "बहनजी, घर जाओ." म्हणून लिहून ठेवते आहे. टपाल सुरू झालं की पहिल्या पिशवीत जाईल.

तुझ्या सुमेधाला मुलगा झाला. पाच तारखेला, दोन महिने आधी. सहा तारखेला दुपारी गेला.

सुमेधा बरी आहे. ताप नाही, रक्तस्राव नाही. माझ्या क्वार्टरमध्येच आणली आहे. हे तिला रोज वर्तमानपत्र वाचून दाखवतात, त्यात सगळं वाईटच असतं, म्हणून मध्येमध्ये मनाने चांगलं घालतात. जावईबापूंना, माधवरावांना, हवाई दलातून कशीबशी तीन तासांची सुट्टी मिळाली. सात तारखेला पास काढून, इस्पितळाच्या गाडीतून आम्ही बाळाला दफनभूमीत नेलं. मी, माधवराव, हे आणि इथले पाद्रीसाहेब. एवढीच माणसं. पाद्रीसाहेब पंजाबी आहेत, म्हातारे, मोठ्या मनाचे. त्यांनी पंजाबीत स्तोत्र म्हटलं. ढोलकी नाही, टाळ्या नाहीत, एकट्याच्या आवाजात. आपल्याकडे पेटीवर म्हणतात तेच स्तोत्र, पण त्या चालीत ऐकलं तर ओळखू आलं नाही.

बाळ अकराशे ग्रॅमचं होतं. फुप्फुसं कच्ची होती. डॉक्टरांनी पहिल्या तासातच मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आशा धरू नका. एकवीस वर्षं मी याच वॉर्डात काढली, मला ते बघूनच कळलं होतं. पण आपल्या घरचं लेकरू असलं की कळलेलं पण कळत नाही.

आता तुला न आवडणारी गोष्ट. बाळाचा बाप्तिस्मा झाला. मीच दिला.

लगेच कपाळाला आठ्या घालू नकोस. सुमेधानेच मागितला. माझ्या हाताखाली लीलाम्मा म्हणून केरळची सिस्टर आहे, रोमन पंथाची. जीव लावणारी बाई, पण तोंडाला कुलूप नाही. सुमेधाच्या उशाशी बसून तिने सांगितलं की बाळाला पाणी लागलं नाही तर ते स्वर्गाच्या दाराबाहेरच राहतं, आत जात नाही आणि बाहेरही नीट राहत नाही. तिच्या आजीने तिला असंच शिकवलं. झालं. सुमेधाने माझा हात धरला तो सोडेचना. "आत्या, तू दे. कोणीही देऊ शकतं म्हणतात जीव जाताना." आणि ते खरंच आहे, दादा. यांच्या नगरकडच्या चर्चच्या मंडळीतही ते चालतं. पाद्रीसाहेब संचारबंदीत कुठून यायचे?

डिस्टिल्ड वॉटर, कापसाचा बोळा, कपाळावर तीन वेळा. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने. नाव शांतवन ठेवलं, आपल्या बाबांचं.

तू म्हणशील, याला काय बाप्तिस्मा म्हणतात, ही नुसती ओली बोटं. म्हण. बाबांना जानेवारीत पूर्णेच्या पाण्यात डोक्यासकट बुडवलं होतं, ते थंडीने काळेनिळे होऊन वर आले होते आणि तरीही हसत होते, ही गोष्ट मी लहानपणी शंभरदा ऐकली आहे. पण अकराशे ग्रॅमच्या पोट्ट्याला मी पूर्णेत नेऊ शकत नव्हते.

येऊ नकोस. गाड्याच नाहीत.

सुहासिनी


२० जून १९८४

विश्वासदादा,

तुझं कार्ड काल मिळालं. पोस्टमन सायकलवरून उतरून म्हणाला, "लो जी, पंधरा दिन की डाक इकट्ठी आई है." माझ्या हातात तुझं अक्षर. अजून तसंच, रेघ ओढून लिहिल्यासारखं.

मी तीनदा वाचलं. 'बाप्तिस्मा दिलास ते ठीक केलंस. सुमेधाला समाधान मिळत असेल तर देव रागावणार नाही.' दादा, खरं सांगते, मी भांडायची तयारी करून बसले होते. उत्तरं पाठ करून ठेवली होती. आणि तू हे लिहितोस!

आधी डोळे भरून आले. मग डोकं फिरलं.

पंधरा वर्षांपूर्वी कुठे होता हा तुझा देव, जो रागावत नाही? मी माहेरी बाळंतीण होते, माझी नयना नऊ दिवसांची होती. तू नुकताच पाळक झाला होतास, नवा कोट घालून आला होतास. नगरहून यांचे पाळक निघाले होते पण पोचेनात. मी तुझ्या पाया पडले, दादा. सख्ख्या बहिणीने पाया पडून मागितलं, हिला पाणी लाव म्हणून. आणि तू नाही म्हणालास. ज्याला विश्वास कबूल करता येतो त्यालाच बाप्तिस्मा, हे तुझ्या मंडळीचं मत मला पाठ होतं. मत बाजूला ठेवायला तुला एक मिनिट लागलं असतं. यांच्या आईने नंतर मला आयुष्यभर ऐकवलं, "तुझ्या भावाने पोरीला तशीच जाऊ दिली." त्यानंतर वर्षभरात एवढ्या सगळ्या मंडळ्या एकत्र झाल्या, लहानपणीचा बाप्तिस्माही चालेल आणि मोठेपणीचाही, असं कागदावर ठरलं. तुझी मंडळी बाहेर राहिली. आणि आपल्या घरात तर काही ठरलंच नाही.

तेव्हा नाही आणि आता ठीक. लेकीसाठी ठीक, बहिणीसाठी नाही. हे लिहिलं नसतं तर मला पुढचं काही लिहिताच आलं नसतं, म्हणून लिहिलं.

तू येऊ का विचारतोस. नको. अजून बसमधून उतरवून तपासतात, आणि तुझं वय झालं. वहिनी असत्या तर त्या न विचारता आल्या असत्या, हेही खरं.

सुमेधाचं सांगते. तिला दूध आलं. बाळ गेल्यावर येतंच ते, शरीराला कोणी सांगत नाही. मी थांबवायच्या गोळ्या देणार होते. पण वॉर्डात गुरमीत म्हणून बाई आहे, मुल्लानपूरची, संचारबंदी लागायच्या आदल्या दिवशी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आली. तिचाही मुलगा दिवस भरायच्या आधीचा. तिचं माहेर अमृतसरला, दरबारसाहिबच्या, म्हणजे सुवर्णमंदिराच्या, मागच्या गल्लीत. तिथली काही खबर नाही. ती जेवेना, बोलेना, तिचं दूध आटलं. सुमेधाच म्हणाली, "आत्या, माझं वाया का घालवायचं?" आता ती दिवसातून पाच वेळा वॉर्डात जाते, वाटीत दूध काढते, लीलाम्मा थेंबाथेंबाने पोराला पाजते. पोट्टं टुणटुणीत होत चाललं आहे. लीलाम्मा तर त्याला पहिलवान म्हणते.

मला त्या मुलाकडे बघवत नाही. का ते विचारू नकोस.

सुहासिनी


२४ जून १९८४

दादा,

विचारू नकोस म्हणून लिहिलं, आणि तू विचारायच्या आतच सांगते आहे. आता ऐक आणि पत्र कुणाला दाखवू नकोस.

सहा तारखेला दुपारी वीज गेली. जनरेटर सुरू व्हायला सात-आठ मिनिटं लागली. आमच्याकडे काचेच्या पेट्या कमी आहेत, गर्दी झाली की एका पेटीत दोन बाळं ठेवतो. सुमेधाचं आणि गुरमीतचं एकाच पेटीत होतं. वीज गेली की पेटी गार पडते, म्हणून दोघांना बाहेर काढून, कापसात आणि हिरव्या कपड्यात गुंडाळून टेबलावर ठेवलं. दोन सारखीच गाठोडी, तोंडं तेवढी उघडी. एवढ्या लवकर जन्मलेली सगळी मुलं सारखीच दिसतात, दादा. म्हाताऱ्यासारखी.

त्यातलं एक निळं पडायला लागलं. सकाळपासून सुमेधाचंच बाळ खाली चाललं होतं, म्हणून कुणाचं ते मी बघितलंच नाही. उचललं, ऑक्सिजनची नळी नाकाशी धरली, आणि दुसऱ्या हाताने बोळा भिजवला. म्हटलं, शांतवन, मी तुला बाप्तिस्मा देते. तीन वेळा. लीलाम्मा सिलिंडर बदलायला धावली होती. मी एकटीच होते. मला एवढं बरं वाटलं, काय सांगू! नयनाच्या वेळी जे राहिलं ते आज माझ्या हातून होतंय, असंच वाटलं. आणि माझ्या हातातलं बाळ गुलाबी व्हायला लागलं. मी देवाला म्हटलं, बघ, ऐकलंस ना.

मग पाय चोळायला कपडा सोडला. घोट्यावर चिकटपट्टी होती. गुरमीत कौर.

दुसरं गाठोडं शांत होतं. मी उघडलं. तो गेला होता.

बोळा अजून माझ्या हातात ओला होता. मी हात पुढे नेला आणि थांबले. मेलेल्याला बाप्तिस्मा देत नाहीत. तुझ्या मंडळीत नाही, माझ्या नाही, लीलाम्माच्याही नाही. सगळ्या मंडळ्यांचं एकमत असलेली तेवढीच गोष्ट मला त्या वेळी आठवली.

डॉक्टर म्हणतात, तो कुठल्याही परिस्थितीत जगला नसता. मलाही ते पटतं. पण ती दोन-तीन मिनिटं मी नर्स नव्हते, दादा. मी घोट्यावरची पट्टी बघितली नाही. नव्या पोरींना मी पहिल्या दिवशी हेच शिकवते, आधी पट्टी बघा, मग हात लावा.

बाहेर आले तर सुमेधाने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिला कळलं. रडलीसुद्धा नाही. एवढंच म्हणाली, "केलंस ना, आत्या?" मी म्हटलं, "हो." खोटं कुठे होतं? केलं तर होतंच. दुसऱ्या दिवशी पाद्रीसाहेबांनी विचारलं, "बच्चे का बपतिस्मा हुआ था, बहनजी?" मी म्हटलं, "हां जी." त्यांनी मंडळीच्या वहीत लिहिलं. आणि तुला तर मी सविस्तर लिहिलं, वर टोमणेही मारले. लाज वाटते.

वाटलं होतं, तिला समाधान मिळेल आणि मी माझं पाप माझ्याजवळ ठेवीन. पण समाधान कुठलं! रोज दहादा विचारते. "सगळे शब्द म्हटलेस ना? पाणी केसांना लागलं की कातडीला? तेव्हा जिवंत होता ना, पक्का?" मी प्रत्येक वेळी हो म्हणते आणि प्रत्येक वेळी तिला ते थोडं कमी पुरतं. काल तर म्हणाली, "आत्या, मी रोज नयनासाठी प्रार्थना करते. तिला पाणी मिळालं नव्हतं ना. म्हटलं, माझ्या शांतवनने तिचा हात धरून तिला आत न्यावं." किती प्रेमाने म्हणाली, दादा! मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि तोंडात पदर कोंबला.

आणि गुरमीतचं काय? दरबारसाहिबात फौज शिरल्याच्या बातमीने त्या लोकांच्या काळजाला घरं पडली आहेत. तिची सासू आमच्या व्हरांड्यात बसून दिवसभर रडते. त्याच दिवशी, त्यांच्या लेकराच्या कपाळावर मी माझ्या देवाचं पाणी लावलं. मुद्दाम नाही, पण लावलं. तुझ्या मते तो बाप्तिस्मा नव्हेच, बाळाने काही कबूल केलं नाही. लीलाम्माला आडून विचारलं, तर म्हणाली, मनात ज्याला द्यायचा त्यालाच तो लागतो. पाद्रीसाहेबांना विचारायचं धाडस नाही. मला एवढंच कळतं की त्या आईला न विचारता केलं.

तू ये. आता मी म्हणते, ये. बस तपासू दे, गाडीत उभा राहा, पण ये. सुमेधाला तूच सांग. तुझ्या मंडळीत बाळांना पाणी लागत नाही, तू ते पंधरा वर्षं शिकवतोस. माझ्या तोंडून तिला ते पटणार नाही. मी कोणत्या तोंडाने सांगू? मला स्वतःला ते पंधरा वर्षांत पटलेलं नाही.

सुहास


३० जून १९८४

दादा,

तू निघाला नसशील तर निघू नकोस असं लिहिणार नाही. ये. पण सांगायचं काम उरलेलं नाही. मी सांगितलं.

तुझी वाट बघत थांबणार होते. पण माधवरावांचं तळावरून पत्र आलं. ते बाळासाठी दगड बसवणार आहेत, त्यावर नाव, तारीख आणि 'बाप्तिस्मा ६ जून' असं कोरायचं ठरलं. सुमेधाने कागदावर अक्षरं काढून मला दाखवली. म्हणाली, "शुद्धलेखन बघ आत्या, तुझंच मराठी त्यातल्या त्यात बरं." माझ्याच्याने त्या कागदाला हात लाववला नाही.

गुरुवारी सकाळी, दहाच्या दुधाच्या आधी, तिला समोर बसवून सगळं सांगितलं. वीज, दोन गाठोडी, चिकटपट्टी. काही गाळलं नाही. ती आधी म्हणाली, "म्हणजे ते पाणी त्याला लागलं?" मी हो म्हटलं. मग केवढ्याने ओरडली! "मग माझं लेकरू? माझं लेकरू कुठे गेलं, आत्या?"

मला वाटलं होतं माझी वाचा जाईल. पण तोंडातून वाक्य आलं. माझं नव्हतं ते, तुझं होतं. नयनाच्या खोलीत तू म्हणाला होतास तेच, शब्दाला शब्द. "त्याला पाण्याची गरज नव्हती, पोरी. तो देवाचाच होता, देवाने त्याला दारात थांबवलं नाही."

ती म्हणाली, "मग इतके दिवस खोटं काऊन बोललीस?" आणि खोलीत जाऊन कडी लावली.

दहाचं दूध चुकलं. मी एकटी वॉर्डात गेले आणि तडक गुरमीतसमोर उभी राहिले. म्हटलं, एकदाच काय ते होऊन जाऊ दे. माझ्या मोडक्या पंजाबीत सांगितलं. तिने बाळाला उचलून छातीशी धरलं आणि ओढणीच्या टोकाने त्याचं कपाळ पुसलं. बावीस दिवसांनी. पुसून झाल्यावर तीच ओशाळली. मग विचारलं, "तुसीं मेरे मुंडे नूं कुझ होर तां नहीं बणा दित्ता?" माझ्या पोराला दुसरंच काही करून टाकलं नाहीस ना, असं. मी म्हटलं, नाही गं, तुझा आहे तो तुझाच आहे, मी माफी मागायला आले. सासूने मला नीट निरखून पाहिलं. लांबलचक काहीतरी बोलली, मला अर्धं कळलं. कोणाला सांगितलंस का, हे विचारत होती. मी म्हटलं, भावाला. ती म्हणाली, त्याच्यापुरतंच राहू दे. मग मला स्टूल दिलं. नाराज होती, पण स्टूल दिलं.

एक वाजता सुमेधा आपणहून आली. उन्हातून चालत, डोक्यावर पदर घेऊन. माझ्याकडे बघितलं नाही. वाटी मागितली, दूध काढलं, आणि या वेळी लीलाम्माला दिलं नाही. स्वतः चमच्याने त्याला पाजलं. गुरमीत बघत राहिली. मग तिने सुमेधाच्या पाठीवर हात ठेवला. एकीला हिंदी धड येत नाही, दुसरीला पंजाबी.

दोन दिवस माझ्याशी अबोला होता. आज सकाळी चहा ठेवताना तिने विचारलं, "बाबा नयनाच्या वेळी हेच म्हणाले होते?" मी म्हटलं, "हो." "तुला तेव्हा पटलं होतं?" "नाही." "मला पण नाही पटलं," ती म्हणाली. "पण काल रात्री झोप लागली." मग तिने दगडाचा कागद काढला आणि बाप्तिस्म्याची ओळ खोडली. नुसतं नाव ठेवलं. पाद्रीसाहेबांनाही मी उद्या सांगणार आहे. वहीतली ओळ ते खोडतील की तशीच ठेवतील, ते त्यांनी ठरवावं.

आता एकच विचारायचं आहे. ते वाक्य सुमेधाला म्हणताना मला तिच्याकडे बघता आलं नाही. 'गरज' म्हणताना आवाज फुटला, म्हणून मी भिंतीकडे तोंड केलं. तिला वाटलं असेल, आत्या किती कोरडी. नयनाच्या खोलीत तूही खिडकीकडे तोंड करून बोललास. पंधरा वर्षं मी धरून बसले की या माणसाला माझ्याकडे वळून बघावंसंही वाटलं नाही.

तू रडत होतास का रे, दादा?

सुहास